एकाच जुन्या कॉम्प्युटरवर वाचनालयाचं कोहा चालेल का?

होय की, चालतं. कोहा म्हणजे वाचनालयाची पुस्तकं, सभासद, देवघेव सांभाळणारं मोफत सॉफ्टवेअर. तुमच्या खानापूरकडच्या वाचनालयात चार जीबी रॅमचा एक जुना कॉम्प्युटर आहे, पुस्तकं मराठी नि कन्नड दोन्ही, आणि वेब सर्व्हर, डेटाबेस, कोहा सगळं त्या एकावरच बसवायचंय. बेळगावात आमच्या गल्लीतलं वाचनालय असंच चालतं. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी तेवढी घाला.

डेबियन ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम टाका, डेस्कटॉपशिवाय. कोहाची पॅकेजेस कोहावाल्यांच्या स्वतःच्या रिपॉझिटरीतून, म्हणजे त्यांच्या ऑनलाइन साठ्यातून घ्यायची. नवी आवृत्ती दर मे आणि नोव्हेंबरला येते. आली म्हणून लगेच उडी मारू नका. राउटरमध्ये या मशीनचा आयपी पक्का करून ठेवा. वाचकांचं पान 80 पोर्टवर, कर्मचाऱ्यांचं 8080 वर ठेवलं की डोमेन नसलं तरी भागतं. फक्त अपाचेला (हाच वेब सर्व्हर) 8080 वर ऐकायला सांगायचं विसरू नका. आणि हे पोर्ट इन्स्टन्स, म्हणजे तुमच्या वाचनालयाची कोहातली मांडणी, बनवण्याआधी ठरवा. नंतर कोहाची साइट्स फाइल बदलून उपयोग नाही, त्या इन्स्टन्सची अपाचेची फाइल हातानं दुरुस्त करावी लागते. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली.

खरी मेख शोधात आहे. मी सहाशे पुस्तकं भरली आणि मग शोधून बघितलं, तर कधी भलतंच येई, कधी काहीच नाही. मला वाटलं डेटाबेस बिघडला. तो बिचारा ठीक होता, अक्षरं नीट साठवत होता. कोहात शोधाचं काम झेब्रा करतो, आणि त्याची मूळ मांडणी रोमन लिपी धरून असते. त्याच्या डिफॉल्ट इंडेक्स फाइलमध्ये कॅरेक्टर मॅपच्या ओळी बंद करून आयसीयूच्या (सगळ्या लिप्या सांभाळणारी युनिकोड लायब्ररी) चालू करा, मग इंडेक्स पहिल्यापासून बांधा. हे दहा पुस्तकं भरल्यावरच करून, दोन्ही लिप्यांत शोधून बघा. झेब्राऐवजी वापरता येणाऱ्या इलास्टिकसर्चच्या नादी लागू नका, चार जीबीत ते गुदमरतं.

तरी एक उरतंच. आमच्या म्हाताऱ्या सभासदांना कन्नड फर्डं बोलता येतं, पण वाचता येत नाही. म्हणून कन्नड पुस्तकाचं नाव देवनागरीतही 246 या मार्क फील्डमध्ये (मार्क म्हणजे पुस्तकाच्या नोंदीचा ठरलेला साचा, 246 हा पर्यायी नावाचा रकाना) भरतो, म्हणजे दोन्हीकडून सापडतं. टायपिंगची धास्ती नको: इनस्क्रिप्ट या कीबोर्डमध्ये मराठीचा 'क' ज्या बटणावर, कन्नडचाही तिथंच.

पावसाळ्यात तुमच्याकडे लाईट किती वेळा जाते हे मी सांगायला नको. यूपीएस घ्याच.

बॅकअप कोहा रोज आपोआप काढतं, पण त्याच डिस्कवर, आणि दोनच दिवसांचे ठेवतं. शिवाय डेबियनमध्ये ही रोजची कामं पहाटे सहा पंचवीसला लागतात. वाचनालय संध्याकाळी उघडणार, मशीन रात्री बंद, म्हणजे बॅकअप निघणारच नाही! ॲनाक्रॉन टाका, मशीन चालू झाल्यावर तो राहिलेलं काम उरकतो. दर शनिवारी ती फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन आमचे सेक्रेटरी घरी नेतात.