‘लीगल स्कॉलर’ आणि ‘सोशल आंत्रप्रेन्युअर’ : मराठीत काय लिहावे?

प्रश्न असा आहे. एका विधी महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात शमनाद बशीर यांची ओळख छापायची आहे. मूळ इंग्रजी मजकुरात त्यांना ‘लीगल स्कॉलर अँड सोशल आंत्रप्रेन्युअर’ म्हटले आहे. अनुवाद करणाऱ्या विद्यार्थिनीने ‘विधिज्ञ व समाजसेवक’ लिहिले. संपादक प्राध्यापकांनी ते खोडून ‘कायदेपंडित व सामाजिक उद्योजक’ केले. यातले बरोबर कोणते, आणि ‘करिअर’साठी ‘कारकीर्द’ चालेल का, असे तिने विचारले आहे.

प्रश्न वाचून मला फार आनंद झाला, कारण या चारही शब्दांची मराठीत स्वतःची घरे आहेत. ती पाहिली की उत्तर आपोआप मिळते. पण शब्द माणसाला बसवायचा आहे, म्हणून आधी माणूस पाहू.

शमनाद बशीर (१९७६–२०१९) मूळचे केरळातल्या कोल्लम भागातले. बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात शिकले, दिल्लीत बौद्धिक संपदा कायद्याची (म्हणजे पेटंट, कॉपीराइट वगैरेंच्या कायद्याची) वकिली केली, मग ऑक्सफर्डला जाऊन संशोधन केले. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात शिकवून ते भारतात परतले आणि २००८ पासून काही वर्षे कोलकात्याच्या एनयूजेएस या विधी विद्यापीठात बौद्धिक संपदा कायद्याचे अध्यासन त्यांच्याकडे होते. ‘स्पायसी आयपी’ हे पेटंट-कॉपीराइटच्या घडामोडींवरचे संकेतस्थळ त्यांनी २००५ मध्ये सुरू केले. २०१० मध्ये ‘आयडिया’ ही संस्था सुरू केली, तिचे काम पुढे येईलच. ही अक्षरे ‘इन्क्रीझिंग डायव्हर्सिटी बाय इन्क्रीझिंग ॲक्सेस’ या नावाची आहेत. २०१४ चा मानव्यविद्यांचा इन्फोसिस पुरस्कार त्यांना मिळाला. ऑगस्ट २०१९ मध्ये, वयाच्या अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी ते गेले.

आता ‘विधिज्ञ’. शब्दाच्या फोडीप्रमाणे विधी जाणणारा तो विधिज्ञ, म्हणजे अर्थाने चूक काहीच नाही. पण शब्दाचा अर्थ फोडीत नसतो, वापरात असतो. ‘ज्येष्ठ विधिज्ञ’ असे वर्तमानपत्रात वाचले की आपल्यापुढे काळा कोट येतो, उच्च न्यायालयात युक्तिवाद करणारे बडे वकील येतात. बशीर यांनी सुरुवातीला वकिली केली खरी, पण त्यांची ओळख ती नव्हे. ‘कायदेपंडित’ जवळचा आहे, चालेलही. माझी अडचण एवढीच की ‘पंडित’ म्हटले की ज्ञान साठून झाले, आता त्यांनी बोलायचे आणि आपण ऐकायचे, असा भाव येतो. ‘स्कॉलर’ तसाच ठेवावा तर मराठी घरात स्कॉलर म्हणजे वर्गात पहिला येणारा, स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसलेला मुलगा.

माझे मत ‘कायद्याचे अभ्यासक’ला आहे. ‘अभ्यासक’ हा मराठीने घडवलेला सुंदर शब्द आहे. लोककलेचे अभ्यासक, किल्ल्यांचे अभ्यासक, संतसाहित्याचे अभ्यासक. त्यात पदवी लागत नाही आणि काम संपत नाही. तो थोडा नम्र आहे, हलका मात्र नाही. बशीर यांना तो किती नेमका लागू पडतो, हे एका खटल्यावरून सांगतो. तो खटलाही एका शब्दाचाच होता, म्हणून इथे जरा थांबतो.

रक्ताच्या कर्करोगावरच्या ‘ग्लिव्हेक’ या औषधाच्या पेटंटसाठी नोव्हार्टिस कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. निकाल १ एप्रिल २०१३ रोजी कंपनीच्या विरोधात लागला. भारताच्या पेटंट कायद्यातले कलम ३(ड) सांगते की, माहीत असलेल्या पदार्थाचे नुसते नवे रूप काढले म्हणून पेटंट मिळणार नाही, त्या रूपाने ‘एफिकसी’ वाढली पाहिजे. ही एफिकसी म्हणजे काय, हा वादाचा गाभा. न्यायालयाने सांगितले की औषधाच्या बाबतीत ती रोग बरा करण्यातलीच धरायची. पण रोग बरा करण्यात काय काय येते? एका बाजूचे म्हणणे होते की अर्थ काटेकोर ठेवा, औषधाचा शरीरावरचा प्रत्यक्ष परिणाम तेवढाच बघा. बशीर तिथे कोणाचेही वकील म्हणून उभे नव्हते. हस्तक्षेपक (खटल्यात बाहेरून सामील झालेला) आणि न्यायमित्र (न्यायालयाला मदत म्हणून मत मांडणारा) म्हणून ते स्वतः बोलले. औषधाचा विषारीपणा लक्षणीय कमी झाला, तर तेही जमेला धरावे, असे त्यांनी मांडले. न्यायालयाने दोन्ही म्हणणी नोंदवली आणि त्या मुद्द्यावर शेवटचा शब्द न देता निकाल दिला.

‘एफिकसी’ला आपण अनुवादात ‘परिणामकारकता’ लिहितो. आठ अक्षरांचा कोरडा शब्द. पण बोलीत आपल्याकडे केवढा नेमका शब्द आहे पाहा : गुण. ‘औषधाचा गुण आला’, ‘आठ दिवस गोळ्या घेतल्या, काही गुण नाही’, ‘त्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे’. माझी आजी औषध बदलून आणले की तिसऱ्या दिवशी विचारायची, “गुण वाटतो का?” ताप उतरला पण पोटात आग पडली, तर ती म्हणायची, “गुण आला, पण बाधलं.” आजीच्या बोलण्यात ‘गुण येणे’ आणि ‘बाधणे’ ही वेगवेगळी क्रियापदे होती. न्यायालयात प्रश्न हाच होता : न बाधणे हाही गुणच धरायचा की नाही? कंपनी आणि कंपनीचे विरोधक अशा दोन फळ्या पडलेल्या असताना, दोन्हींकडून थोडा बाजूला उभा राहून एका शब्दाचा अर्थ तपासणाऱ्या माणसाला मी तरी अभ्यासकच म्हणेन.

‘समाजसेवक’ मात्र नको. शब्द वाईट नाही, वापरून वापरून झिजला आहे. शिवाय सेवेत एक देणारा आणि एक घेणारा असतो. बशीर यांनी काय केले? देशातल्या नामवंत विधी विद्यापीठांत कोण पोचते, हे त्यांनी पाहिले. ‘क्लॅट’ ही प्रवेशपरीक्षा इंग्रजीत, अर्जाचे शुल्क हजारांत, शिकवण्या महाग. खेड्यातल्या, गरीब घरातल्या, अंध मुलांना अशी परीक्षा असते हेच ठाऊक नसते. ‘आयडिया’ने विधी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनाच कामाला लावले. त्यांनी शाळाशाळांत जायचे, हुशार मुले हेरायची, त्यांना परीक्षेसाठी तयार करायचे आणि प्रवेश मिळाल्यावर फी, राहणे, इंग्रजीचा धसका या सगळ्यांत सोबत राहायचे. सुरुवात सिक्कीममधल्या पेलिंग या डोंगरी गावातल्या शाळेपासून झाली. यात मदत आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे रचना आहे : आज शिकणारा उद्या शिकवणारा होईल अशी. काढणारा माणूस गेला तरी ती चालू राहिली.

‘कार्यकर्ता’ही सुचवला जातो. मला तो शब्द जिव्हाळ्याचा आहे, पण कार्यकर्ता बहुधा असलेल्या चळवळीत, असलेल्या पक्षात काम करतो. ‘संस्थापक’ खरा आहे, मात्र त्यातून नोंदणी आणि कार्यकारिणी दिसते, धडपड दिसत नाही.

राहिला ‘सामाजिक उद्योजक’. यावर नेहमीचा आक्षेप असा की उद्योजक म्हणजे चाकणला किंवा इचलकरंजीला शेड टाकून कर्जाचे हप्ते फेडणारा, समाजकार्याशी त्याचा काय संबंध? हा आक्षेप ‘उद्योग’ शब्दाचा अलीकडचा अर्थच धरून बसतो. ‘उद्योगाचे घरी ऋद्धी-सिद्धी पाणी भरी’ ही म्हण कारखान्यांच्या आधीची आहे. तिथे उद्योग म्हणजे झटणे. ‘काय उद्योग चाललाय?’ असे आपण विचारतो तेव्हा नफ्याचा हिशोब मागत नाही. ‘नसते उद्योग’ करणाऱ्यालाही त्यातून दमडी मिळत नसते.

दुसरी बाजूही मजेशीर आहे. ‘आंत्रप्रेन्युअर’ हा शब्द फ्रेंच, आणि त्याच्या मुळाशी असलेल्या क्रियापदाचा अर्थ ‘हाती घेणे’. त्याला ‘सोशल’ जोडून जगभर रुळवण्यात बिल ड्रेटन यांचा मोठा वाटा आहे. ते स्वतः येल विद्यापीठातले कायद्याचे पदवीधर. सम्राट अशोकाच्या नावावरून त्यांनी अशा उद्योजकांना पाठबळ देणाऱ्या आपल्या संस्थेला ‘अशोका’ नाव दिले, आणि ऐंशीच्या दशकाच्या आरंभी तिच्या पहिल्या फेलो, म्हणजे पाठबळासाठी निवडलेल्या मानकरी, ठरल्या त्या मुंबईच्या शिक्षिका ग्लोरिया डिसूझा. पाठांतराऐवजी आजूबाजूच्या परिसरातून मुलांना शिकवण्याची पद्धत त्यांनी उभी केली. आता अशा शिक्षिकेला आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत काय म्हणतात? ‘उपक्रमशील’! हा शब्द रोजच्या वापरात आहे आणि ‘हाती घेणे’ त्यात पुरेपूर आहे. सरकारी भाषेतल्या ‘सार्वजनिक उपक्रमा’तही तोच अर्थ बसला आहे. आणि लोकांसमक्ष हाती घ्यायचे असेल तर मराठीत ‘विडा उचलतात’.

म्हणून माझी सूचना : माणसाला ‘सामाजिक उद्योजक’ म्हणा, त्याने उभ्या केलेल्या कामाला ‘उपक्रम’ म्हणा. ‘समाजोद्योजक’ असा संधी करू नका, जीभ अडखळते. ‘उद्यमी’ हिंदीच्या वळणाचा वाटतो.

आपल्याकडे अशा माणसाला पूर्वी काय म्हणत, हा प्रश्न मला फार दिवस होता. पुण्याचे वकील गणेश वासुदेव जोशी यांच्यापाशी त्याचे उत्तर मिळते. पर्वती देवस्थानच्या कारभाराबद्दलच्या तक्रारींतून १८७० मध्ये पुणे सार्वजनिक सभा उभी राहिली, त्यात ते पुढे होते. सभेचा सभासद व्हायचे तर किमान पन्नास जणांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणावा लागे. मुखत्यारनामा म्हणजे वकिलाच्या टेबलावरचा रोजचा कागद : माझ्या वतीने तुम्ही बोला. जोशींच्या मंडळींनी तो कागद उचलला आणि त्यातून प्रतिनिधित्व घडवले, तेही मतदान नावाची गोष्ट लोकांना माहीत नसताना. स्वदेशीचा माल विकण्याची खटपट त्यांनी केली, १८७७ च्या दिल्ली दरबाराला स्वतः कातलेल्या सुताचे कपडे घालून गेले, वासुदेव बळवंत फडक्यांचे वकीलपत्र कोणी घेईना तेव्हा ते घेतले. लोकांनी त्यांना ना पंडित म्हटले ना सेवक. ‘सार्वजनिक काका’ म्हटले. ही पदवी आज कोणाला देता येणार नाही, पण ज्या भाषेने एका वकिलाला सगळ्यांचा काका केले, तिला अशा माणसांची ओळख नवी नाही.

‘करिअर’चे थोडक्यात. ‘कारकीर्द’ फारसीतून आलेला शब्द, आणि त्याला गादीचा, पदाचा वास आहे : माधवराव पेशव्यांची कारकीर्द, अमुक आयुक्तांची कारकीर्द. एका पदावर बसलेल्या माणसाला तो शोभतो. बशीर तर अध्यासन सोडून बाहेर पडले. त्यांच्यासाठी ‘वाटचाल’ लिहा.

अंकातल्या लेखात पुढे पेटंटच्या ‘वर्किंग’चा उल्लेख असणारच, म्हणून न विचारलेलेही सांगून टाकतो. पेटंट घेणाऱ्याने ते देशात किती वापरात आणले, याची माहिती नमुना २७ मध्ये द्यावी लागते. बऱ्याच कंपन्या ती देत नव्हत्या किंवा अर्धवट देत होत्या. माहिती अधिकारातून हे हुडकून बशीर यांनी २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. हा नमुना पुढे २०२० मध्ये बदलला, तेव्हा ते नव्हते. या ‘वर्किंग’ला कृपया ‘कार्यान्वयन’ लिहू नका. ‘पेटंट राबवणे’ म्हणा, आणि न राबवलेल्या पेटंटला ‘पडीक’. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा दिलेल्या मुलखात हा वाद एका शब्दात कळेल.

तर अंकातली ओळ अशी होईल : ‘कायद्याचे अभ्यासक आणि सामाजिक उद्योजक शमनाद बशीर यांची वाटचाल’. नावाआधी ‘कै.’ लावू नका. त्यात कैलास येतो, आणि कोण कुठे गेले हे आपण ठरवू नये. नावापुढे कंसात दोन साले पुरतात.