मूळ कागद लॉकरमध्ये आहेत, मग घर कोण विकणार?

प्रश्न : वकीलताई, मी रिटायर्ड, कोथरूडला राहतो. धायरीला दोन गुंठ्यांचा एनए प्लॉट आहे आणि कर्वेनगरला एक वन बीएचके, तो दोन वर्षं बंदच आहे. तळजाईला फिरायला येणाऱ्या एकांच्या प्लॉटचं खरेदीखत म्हणे भलत्याच माणसाने मालक म्हणून उभं राहून करून दिलं. तेव्हापासून झोप नाही. त्यात सोसायटीत एकजण येऊन गेला, वर्षाला पाच हजार द्या, तुमच्या टायटलवर आम्ही लक्ष ठेवतो म्हणाला. हिचं म्हणणं, मूळ कागद लॉकरमध्ये आहेत मग भीती कसली?

उत्तर : काका, काकूंना सांगा लॉकर चांगलाच आहे पण तो चोराला अडवत नाही. नोंदवलेल्या खरेदीखताची सर्टिफाइड कॉपी फी भरून कोणीही काढू शकतो, त्यात लपवाछपवी काही नाही, कायद्यानेच ते रेकॉर्ड सगळ्यांना खुलं आहे. मग चोर काय करतो, पोलिसात 'मूळ कागद गहाळ' अशी तक्रार देतो, पेपरात छोटीशी जाहिरात देतो, तुमच्या नावाचं पण स्वतःच्या फोटोचं आधार बनवतो आणि उभा राहतो. सब-रजिस्ट्रार बघणार स्टँप ड्युटी भरली का, समोरच्याचं ओळखपत्र, ओळख पटवायला दोन माणसं, फोटो आणि अंगठा, झालं. १९०८ चा नोंदणी कायदा दस्त नोंदवतो, मालकीची हमी देत नाही. लोकांना वाटतं रजिस्टर झालं म्हणजे सरकारने शिक्का मारला. तसं नाहीये.

म्हणून लक्ष आपणच ठेवायचं, आणि त्याला पाच हजार लागत नाहीत. नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्च आहे, फुकट. वर्ष, जिल्हा, गाव आणि मिळकत क्रमांक टाकायचा, म्हणजे प्लॉटसाठी तुमचा सर्व्हे नंबर. यादी आली की इंडेक्स टू, म्हणजे दस्ताचा सारांश, उघडून 'लिहून देणार' मध्ये तुमचं नाव दिसतंय का ते बघा, तुम्ही काही विकलेलं नसताना दिसलं तर समजा गडबड आहे. नंबर दोनतीन पद्धतीने टाकून बघा, नुसता ४५, मग ४५/२, कारण डेटा एंट्री करणाऱ्याने कसं टाइप केलंय देव जाणे. साइट कधीकधी लोडच होत नाही तेव्हा सकाळी लवकर बसा. तीन महिन्यातून एकदा केलंत तरी बास. आणि तो पाच हजारवाला, तो आधारची झेरॉक्स आणि इंडेक्स टू मागतो ना? म्हणजे फसवणाऱ्याला जे लागतं तेच आपण हाताने द्यायचं! मी तरी देणार नाही.

प्लॉटचा सातबारा असेल तर दुसरी एक सोय आहे. फेरफाराआधी, म्हणजे सातबाऱ्यावर नवं नाव चढण्याआधी, तलाठ्याची नोटीस निघते आणि हरकतीला १५ दिवस मिळतात. नोटीस जाते रेकॉर्डवरच्या पत्त्यावर, आणि तुमचा तिथे अजून जुन्या वाड्याचा पत्ता असेल तर संपलं, तो आधी बदलून घ्या. 'आपली चावडी' या सरकारी साइटवरही या नोटिसा दिसतात. प्लॉटला तारेचं कुंपण आणि मालकीची पाटी लावा, पुण्यात पाटीला कोण नाही म्हणतंय, फक्त मोबाइल नंबर मुलाचाही टाका. बंद फ्लॅटचं मात्र सोसायटीवर असतं. सेक्रेटरीला लेखी द्या की मला स्वतःला फोन केल्याशिवाय एनओसी किंवा शेअर सर्टिफिकेट ट्रान्सफर करू नये आणि पत्राच्या कॉपीवर पोच घ्या.

पुढेमागे फ्लॅट भाड्याने दिलात तर एजंट घरी मशीन घेऊन अंगठा घ्यायला येतो, तेव्हा घाई असली तरी स्क्रीनवर लिव्ह अँड लायसन्सच आहे ना ते वाचल्याशिवाय बोट ठेवू नका. एरवी आधारचं बायोमेट्रिक ॲपमधून लॉक करून ठेवा.

समजा खरंच काही सापडलं, तर घाबरू नका. खोट्या मालकाने केलेल्या विक्रीने मालकी जात नाही, जे त्याचं नव्हतंच ते तो देणार कुठून. पण दस्त रेकॉर्डवर राहतो, साध्या अर्जाने जात नाही, त्यासाठी दिवाणी कोर्टात दस्त रद्द करण्याचा दावा लावावा लागतो आणि कळल्यापासून ३ वर्षांची मुदत असते. सोबत मनाई हुकूम मागायचा म्हणजे तो प्लॉट घेणारा पुढे तिसऱ्याला विकणार नाही, आणि त्याच दिवशी पोलिसात फिर्याद.

प्रश्न : मी दुबईत असतो, बाणेरच्या फ्लॅटसाठी चुलतभावाला कुलमुखत्यारपत्र दिलं होतं. आता आमचं बोलणं नाही. काय करू?

उत्तर : तोंडी 'आता नको' म्हणून चालत नाही. आधी ते पत्र काढून वाचा, त्यात विक्रीचे अधिकार आहेत का फक्त मेंटेनन्स आणि भाड्याचे. मग रद्दलेख करा, मूळ पत्र रजिस्टर असेल तर रद्दलेखही रजिस्टर, आणि भावाला स्पीड पोस्टाने कळवा, सोसायटीला कळवा, पेपरात जाहीर नोटीस द्या. नोटिशीने वाईटपणा येईल म्हणताय तर तो आधीच आलाय. पोस्टाची पावती जपून ठेवा आणि त्याच आठवड्यात ई-सर्च करून बघा.