लेझ्गी भाषांतलं 'पाणी' आणि 'तीन': मूळ धातू सापडतो कसा?

प्रश्न असा आहे: लेझ्गी भाषांच्या, म्हणजे कॉकेशस डोंगराळ भागातल्या एका भाषाकुळाच्या, पाठीशी संस्कृतसारखी जुनी लेखी भाषा नाही, मग अभ्यासक त्यांचे मूळ धातू तारका (*) लावून, म्हणजे 'लेखी सापडलेला नाही, अंदाजाने उभा केला' अशी खूण करून, मांडतात ते कशाच्या जोरावर?

मराठीवाल्यांची या बाबतीत चैन आहे. 'हात'च्या मागे 'हत्थ', त्यामागे 'हस्त', सगळ्या पायऱ्या लिहिलेल्या सापडतात. दक्षिण दागेस्तान (रशियाचा भाग) आणि उत्तर अझरबैजानमधल्या लेझ्गी (कुळाला जिचं नाव मिळालं ती भाषा), तबासरान, अगुल, रुतुल, त्साखुर, आर्ची, उदी या बहिणींचं तसं नाही. उदी सोडली तर फार जुना लेखी पुरावा जवळजवळ नाहीच. तेव्हा आजच्या बोलींनाच साक्षीला उभं करावं लागतं.

'पाणी' घ्या. लेझ्गीत याद, तबासरानमध्ये शिद, अगुलमध्ये खेद, उदीत खे. (हा ख घशात घासून काढायचा, 'खरं'मधला नव्हे.) कानाला यांत काहीच सारखं लागत नाही. आता 'तीन' घ्या: लेझ्गी पुद, तबासरान शुबुब, अगुल खिबुद, उदी खिब. जिथे पाण्याला श, तिथे तिनालाही श. जिथे ख, तिथे ख. लेझ्गीत मात्र तो आवाज दोन्हीकडे उरलेला नाही. एका शब्दात जमलं तर योगायोग म्हणता येईल. पण तीच जोडी शब्दामागून शब्दात येत राहिली की तो नियम होतो. धातू या नियमांवर उभा राहतो, कानाला वाटणाऱ्या सारखेपणावर नाही. लेझ्गी 'याद' आणि आपली फारसीतून आलेली 'याद' यांचा काडीचा संबंध नाही, तो याच कारणाने. उलट लेझ्गीतले 'दुस्त' आणि 'दुन्या' खरोखरच आपल्या दोस्त-दुनियेचे सख्खे, पण ते दोन्हीकडे उसने आले आहेत. धातू शोधताना असे शब्द आधी बाजूला काढावे लागतात.

मग मूळ आवाज श होता, ख होता की तिसराच? इथे आर्ची बोलते. दागेस्तानच्या डोंगरात, बाकीच्या बहिणींपासून दूर, जेमतेम हजार-बाराशे लोकांची ही भाषा. तिच्यात 'पाणी' आणि 'तीन' या दोन्ही शब्दांच्या सुरुवातीला एक विलक्षण व्यंजन आहे: जीभ 'ल'च्या जागी टेकवायची आणि कंठातून नाद न काढता बाजूंनी नुसती हवा सोडायची. आपल्याकडे त्याला अक्षर नाही. असा 'ल' मूळचा धरला की श आणि ख दोन्ही त्यातून निघालेले समजतात. उलटा प्रवास पटवणं अवघड जातं. म्हणून तारकेमागे तोच ल बसवतात. मला या सगळ्या प्रकरणात हे सर्वांत सुंदर वाटतं.

'पुद'मधला शेवटचा द धातूचा नाही. तबासरानमध्ये वस्तू एक असली तर 'सब', माणूस एक असला तर 'सर'. आपण दोन पुस्तकं म्हणतो पण दोघं जण म्हणतो, तसलाच भेद. लेझ्गीतून वस्तू-माणूस असे हे वर्ग गेले, शेपूट तेवढं गोठून राहिलं: मोजताना 'सद', पण एक माणूस म्हणताना 'स कस'. ते शेपूट छाटल्याशिवाय धातू दिसत नाही.

'सूर्य' तर कोड्यासारखा आहे. लेझ्गीत रग, उदीत बेग (दोन्हीकडे ग घशातला). समाईक काय, तर एक ग. पण आर्चीत बर्क आहे आणि रुतुलमध्ये विरिग. म्हणजे लेझ्गीने पुढचा ब/व टाकला, उदीने मधला र गिळला. ब आणि व एकमेकांसमोर येतात हे 'चंद्र'ही सांगतो: लेझ्गी वर्ज (जहाजातला ज), आर्ची बच (चमच्यातला च). लेझ्गीत याच शब्दाचा अर्थ महिनाही होतो, संस्कृतातल्या 'मास'सारखा.

उदीला जुना पुरावा आहे असं वर म्हटलं, तो इजिप्तमधल्या सिनाईच्या सेंट कॅथरीन मठातला. खरवडून पुन्हा लिहिलेल्या चर्मपत्रांखाली दडलेला कॉकेशियन अल्बेनियन (कॉकेशसमधली एक जुनी भाषा, युरोपातल्या अल्बेनियाशी संबंध नाही) मजकूर झाझा अलेक्सिड्झे यांनी 1996 मध्ये ओळखला. भाषा उदीचं जुनं रूप निघाली. मोठा ठेवा आहे, पण तोवर उदी इतर बहिणींपासून वेगळी झालेली होती, त्यामुळे आईपर्यंत तोही नेत नाही. आणि 'चंद्र'च्या बाबतीत उदी कामालाच येत नाही, तिथे 'खाश' हा निराळाच शब्द आहे. त्या धातूवरची तारका मी तरी 'पाणी'वरच्या तारकेइतक्या निर्धास्तपणे लावणार नाही.