सर्टिफिकेट नंतर, आधी माउस बाजूला ठेवा

दिव्यांगांना वापरता येतील अशा वेबसाइट कशा बनवायच्या, याच्या प्रशिक्षणाबद्दल मराठवाड्यातून बरेच प्रश्न येतात. जिल्हा बदलतो, घोळ तोच असतो. म्हणून काहींची उत्तरं इथे एकत्र देतो.

बीसीए झालंय. या कामाला कोडिंग यायलाच हवं का? (नांदेड)

एचटीएमएल, म्हणजे वेब पानाची रचना लिहायची भाषा, पक्कं हवं. बाकीचं काम करता करता येतं.

संभाजीनगरचा एक क्लास आठ दिवसांत ‘आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट’ आणि नोकरीची हमी देतोय. फी भरू का? (जालना)

थांबा. या क्षेत्रात जगभर ओळखली जाणारी सर्टिफिकेटं आयएएपी ही संस्था देते. संकल्पनांसाठी सीपीएसीसी, तांत्रिक कामासाठी डब्ल्यूएएस. परीक्षा त्या संस्थेची. क्लास फार तर तयारी करून घेईल. क्लासवाल्यांना एवढंच विचारा: शिकवणाऱ्यांत रोज स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणारं कुणी आहे का, आणि एखादी खरी साइट तपासून अहवाल लिहून घेणार का? उत्तर देताना चुळबुळ झाली तर पैसे खिशातच राहू द्या. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचा पायाभूत ऑनलाइन कोर्स फुकट शिकता येतो. तो आधी करा, मग हे काम करणाऱ्या कुणाशी तरी बोलून ठरवा.

मी पूर्ण अंध आहे, एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर रोज वापरतो. टेस्टरचं काम जमेल? (परभणी)

जमेल. पण वापरता येणं निराळं आणि तपासता येणं निराळं. बटण बोलत नाही हे तुम्हाला लगेच कळतं. ते का बोलत नाही, डब्ल्यूसीएजी या वेब सुलभतेच्या नियमावलीचा कुठला निकष मोडला, डेव्हलपरने काय बदलायचं, हे लिहिता आलं की पगार मिळतो. रंगांच्या कॉन्ट्रास्टची तपासणी डोळस सहकाऱ्यासोबत करा. आणि ‘जरा फुकट बघून द्या’ म्हणणाऱ्यांना नम्रपणे नाही म्हणा.

पतसंस्थेच्या साइटवर एजन्सीने व्हीलचेअरच्या चित्राचं, साइट आपोआप दिव्यांगांना वापरण्याजोगी करतो म्हणणारं प्लगइन टाकलंय. ‘आता साइट १०० टक्के नियमात’ म्हणतात. (बीड)

ते तसं म्हणणारच, त्यांना बिल काढायचंय. माउस बाजूला ठेवा आणि कीबोर्डवरच्या नुसत्या टॅबने पुढे सरकत अर्ज भरून बघा. रकान्याला लेबल नसेल, तर खाते क्रमांक कुठे टाकायचा हे प्लगइन छातीठोकपणे सांगू शकत नाही. असेच दावे करणाऱ्या एका कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये १० लाख डॉलर भरायला लावले. आपला २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा खासगी सेवा देणाऱ्यांनाही लागू आहे. तुमच्यावर नेमकं काय बंधनकारक आहे, ते वकिलाला विचारा, एजन्सीला नको.

कॉलेजच्या सूचना आम्ही कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतो, प्रिंटवर सही-शिक्का घेतो आणि स्कॅन करून साइटवर चढवतो. साइट नवीन, भारीतली आहे. तरी अंध मुलांची तक्रार येते. (लातूर)

तक्रार रास्त आहे. स्कॅन म्हणजे फोटो. त्यात अक्षरं नसतातच, स्क्रीन रीडरच्या लेखी पान कोरं. थेट पीडीएफ केली तरी सुटका नाही. कृतीदेव ०१० मध्ये ‘मराठी’ टाइप केलं की पडद्यावर मराठी दिसतं, पण फाइलमध्ये साठतात ती ई, जे, के, बी, एच ही इंग्रजी अक्षरं, आणि स्क्रीन रीडर तीच बडबडतो. शिष्यवृत्तीची सूचना वाचून दाखवणारा भेटेपर्यंत तारीख उलटून गेलेली असते.

खरी गोम अशी, की प्रशिक्षणाला डेव्हलपर जातात आणि सूचना टाइप करणारे क्लार्क ऑफिसातच राहतात. साइट कितीही भारी असू द्या, रोजचा मजकूर त्यांच्याच हातून चढतो. त्यांना आधी पाठवा. युनिकोडमध्ये टाइप करा, त्यात मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठतात. शीर्षक नुसतं ठळक न करता वर्डमधली शीर्षकाची स्टाइल द्या. सूचना पानावरच मजकूर म्हणून टाका, पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी नोंदवा. सहीची प्रत लागत असेल तर ती सोबत जोडा, एकटी नको. ‘ओसीआर (फोटोतली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) मारू की’ म्हणाल, तर शिक्क्याखाली गेलेली तारीख ओसीआर हमखास चुकवतं. जुन्या फाइली कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणता येतात, मात्र रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला. एनव्हीडीए फुकट मिळतो, चढवण्याआधी ऐका. आणि तक्रार करणाऱ्या मुलांनाच एकदा ऑफिसात बोलवून विचारा. त्यांच्याइतका जाणकार सल्लागार तुम्हाला लातुरात शोधूनही मिळायचा नाही.

साइट आधी सुरू केली आणि हे सगळं नंतर बघितलं तर? (हिंगोली)

नंतर कुणी बघत नाही. डिझाइन पक्कं व्हायच्या आधीच तपासणाऱ्याला बोलवा.