पॉलिसीचं नंतर बघू, आधी लायसन्स काढा

प्रश्न: आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. माझ्या नावावरच्या दुसऱ्या घराच्या पाच खोल्या पाच मुलांना महिना 600 पौंडांनी दिल्या आहेत. वर्षाचं भाडं 36,000 पौंड. 14,000 गृहकर्जाचं व्याज आणि 8,000 इतर खर्च जाऊन 14,000 सुटतात. त्या भरवशावर पुण्याच्या एजंटकडून गॅरंटीड पॉलिसी घेतली. वर्षाला 12 लाख रुपये, दहा वर्षं. विसाव्या वर्षी दुप्पट, करमुक्त. पहिला हप्ता गेल्याच आठवड्यात भरला. निर्णय बरोबर आहे ना? (खोल्या भाड्यानं द्यायचं लायसन्स काढलेलं नाही. घर दोनमजली आहे आणि लायसन्स तीन मजल्यांनाच लागतं, असं मित्र म्हणाला.)

उत्तर: तुमच्या पत्रातला सगळ्यात महागडा मजकूर कंसात आहे.

मित्राची माहिती 1 ऑक्टोबर 2018 पर्यंत बरोबर होती. त्या दिवसापासून इंग्लंडात मजल्यांची अट गेली. एका कुटुंबातली नसलेली पाच माणसं एकच स्वयंपाकघर किंवा बाथरूम वापरत असतील, तर एचएमओ (अनेक बिऱ्हाडांचं सामायिक घर) लायसन्स लागतंच. कौन्सिलनं, म्हणजे तिथल्या पालिकेनं, विचारलं नाही म्हणजे सूट मिळाली असं नव्हे. अर्ज करणं तुमचं काम.

लायसन्स नसेल तर भाडेकरू ट्रिब्युनलकडे जाऊन बारा महिन्यांपर्यंतचं भाडं परत मागू शकतात; 2025 च्या कायद्यानं ही मर्यादा दोन वर्षांवर नेली. म्हणजे 36,000 किंवा 72,000 पौंड. शिवाय कौन्सिलचा दंड वेगळा: 30,000 पर्यंत होता, नव्या कायद्यात 40,000 पर्यंत. आज गोड बोलणारी मुलं खोली सोडून गेल्यावरही दावा लावू शकतात.

म्हणून याच आठवड्यात अर्ज टाका. रीतसर अर्ज पोचला की तिथून पुढच्या काळासाठी बचाव मिळतो. मागचं पुसलं जात नाही. टेप घेऊन सगळ्यात लहान खोली मोजा. 6.51 चौरस मीटरपेक्षा, म्हणजे साधारण 70 चौरस फुटांपेक्षा लहान असेल, तर तिथे मोठ्या माणसाला झोपायला देता येत नाही. एक मुलगा कमी केला की सुटलो, असंही धरू नका. काही कौन्सिलांनी तीन-चार जणांच्या घरांनाही लायसन्स लावलं आहे. गृहकर्ज आणि विमा खोल्या वेगवेगळ्या भाड्यानं देण्याला चालतो का, तेही लेखी विचारा.

आता ते 14,000. तिकडे घरभाड्यातून व्याज वजा होत नाही, व्याजावर फक्त 20 टक्के सवलत मिळते. तुम्ही 40 टक्क्यांच्या टप्प्यात असाल असं धरतो. 36,000 तून फक्त 8,000 खर्च वजा होतो, म्हणून कर 28,000 वर लागेल, म्हणजे 11,200. त्यातून 2,800 सवलत गेली की 8,400. हातात उरतात 5,600 पौंड, ढोबळमानानं सहा-सात लाख रुपये. हप्ता बारा लाखांचा! एक खोली दोन महिने रिकामी राहिली, बॉयलर बिघडला, तर तेवढेही नाहीत.

आणि ती पॉलिसी? दहा वर्षं भरून विसाव्या वर्षी दुप्पट म्हणजे प्रत्येक रुपया सरासरी साडेपंधरा वर्षं अडकून साडेचार टक्क्यांच्या आसपास परतावा. साधी एनआरई (अनिवासी भारतीयांच्या खात्यातली) मुदत ठेव बघा, एजंटला विचारू नका. करमुक्त तर ती भारतातही नाही: 1 एप्रिल 2023 पासून घेतलेल्या पॉलिसीचा वर्षाचा हप्ता पाच लाखांच्या वर असेल, तर मिळणाऱ्या नफ्यावर कर लागतो. शिवाय तुम्ही ब्रिटनचे रहिवासी असताना तिथला कर 'गॅरंटीड' शब्द बघून थांबत नाही. हे एजंटनं सांगितलं नसेलच, कमिशन हप्त्यावर मिळतं.

पॉलिसीचे कागद हातात आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. किरकोळ कपात होऊन पैसे मिळतात. अर्ज थेट कंपनीला ईमेलनं पाठवा, एजंटमार्फत नको, आणि पोच घ्या. परत आलेले पैसे लायसन्सची फी आणि एखाद्या दाव्यासाठी बाजूला ठेवा.