समुद्रकिनाऱ्यावरची वाळू कुठे पांढरी, कुठे काळी, तर कुठे गुलाबी का असते?

चिमूटभर वाळू कागदावर पसरून भिंगातून बघा. लांबून एकरंगी वाटणारी वाळू जवळून भलतीच निघते: काचेसारखे दाणे, मधाच्या रंगाचे दाणे, काळे कुळकुळीत ठिपके, मध्येच शिंपल्याचा कपचा. किनाऱ्याला दिसतो तो बहुमताचा रंग.

बहुमत कुणाचं, ते आसपास काय झिजतंय आणि त्यातलं काय टिकतंय यावर ठरतं. ग्रॅनाइटमधल्या फेल्डस्पार या खनिजाची हळूहळू चिकणमाती होते आणि ती वाहून जाते. गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, मात्र चिवट. म्हणून जगातल्या बऱ्याच किनाऱ्यांवर तीच उरते. ती मुळात रंगहीन. वर लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे गंजाचाच म्हणा, पातळ लेप चढला की वाळू पिवळसर-तपकिरी दिसते.

काळ्या वाळूच्या दोन तऱ्हा. हवाईतल्या पुनालुऊला तापलेला लाव्हा समुद्रात शिरताना तडकून त्याचा चुरा झाला. केरळच्या किनाऱ्यावर वेगळंच: लाटा वाळू अक्षरशः पाखडतात. हलकी गारगोटी ओढली जाते, इल्मेनाइटसारख्या काळ्या खनिजांचे जड दाणे मागे राहतात. काळ्या वाळूत बऱ्याचदा मॅग्नेटाइट हे चुंबकाला चिकटणारं खनिजही असतं. चुंबक फिरवून बघा, पण आधी तो पिशवीत गुंडाळा. मी तसाच फिरवला होता, ती भुकटी काढताना नाकी नऊ आले.

माझी आवडती हिरवी. हवाईच्याच पापाकोलेआला ज्वालामुखीच्या राखेच्या टेकडीतून ऑलिव्हिन सुटतं. हे खनिज फार लवकर विघटित होतं, त्यामुळे हिरवा किनारा उगमाला चिकटूनच सापडायचा.

प्रवाळ बेटांवरची पांढरीशुभ्र वाळू तर दगडाची नसतेच. ती शिंपल्यांची आणि प्रवाळांची भुकटी. पोपटमासा प्रवाळ कुरतडतो, घशातल्या दातांनी दळतो आणि मागून वाळू सोडतो. होय, त्या स्वच्छ पांढऱ्या वाळूतला बराच भाग ही विष्ठा असू शकते. व्हिनेगरचा थेंब टाका, फसफसली तर चुना आहे, गारगोटी नाही.

गुलाबी वाळूत मात्र बहुमताचा नियम फसतो. बहामाजमध्ये फोरामिनिफेरा नावाच्या एकपेशीय जिवांची तांबडी कवचं पांढऱ्या वाळूत मिसळतात. मूठभर उचलून बघितली तर बहुतेक दाणे पांढरेच. थोडेसे तांबडे अख्खा किनारा रंगवून जातात.