'जाती', 'प्रजाती' आणि नागपुरी संत्रा

नागपूरहून एका शिक्षिकेनं विचारलं आहे: "विज्ञानाच्या पुस्तकात वर्गीकरणाचा क्रम सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती असा येतो. वर्तमानपत्रात मात्र 'वाघाची प्रजाती', 'संत्र्याची प्रजाती' असं छापलेलं असतं. मुलं विचारतात, वाघ ही जाती की प्रजाती? आणि शास्त्रीय नाव फळ्यावर देवनागरीत कसं लिहावं?"

मुलांना पुस्तकातलंच सांगा. वाघ ही जाती आहे. त्याचं शास्त्रीय नाव पँथेरा टायग्रिस. त्यातला 'पँथेरा' हा शब्द प्रजातीचा. 'टायग्रिस' त्या प्रजातीतली नेमकी जाती दाखवतो. जातीचं नाव मात्र दोन्ही शब्द मिळूनच होतं, नुसतं 'टायग्रिस' म्हणून भागत नाही. पँथेरा प्रजातीत वाघाशिवाय सिंह, बिबट्या, जॅग्वार आणि हिमबिबट्या अशा आणखी चार जाती आहेत. म्हणजे 'पँथेरा ही प्रजाती धोक्यात' असं कुणी लिहिलं तर त्यात गीरचे सिंह आणि दक्षिण अमेरिकेतले जॅग्वारही आले. 'वाघाची प्रजाती धोक्यात' लिहिणाऱ्याला तेवढं सगळं म्हणायचं नसतं, त्याला फक्त पेंच-ताडोब्यातल्या वाघाची काळजी असते. तिथे 'जाती' हाच शब्द हवा. पेंचचा वाघ आणि सायबेरियाचा वाघ हेही एकाच जातीचे. त्यांच्यात फरक असलाच तर तो उपजातीचा, आणि त्या उपजाती किती मानायच्या याबद्दलसुद्धा तज्ज्ञांत एकमत नाही.

मग वर्तमानपत्रांत 'प्रजाती' आली कुठून? मला याची दोन कारणं दिसतात. पहिलं कारण हिंदी. हिंदीत वरच्या पायरीला, म्हणजे पँथेरासारख्या गटाला, 'वंश' म्हणतात आणि वाघासारख्या खालच्या पायरीला 'जाति' किंवा 'प्रजाति'. मराठी परिभाषेत 'प्रजाती' वरच्या पायरीवर बसली. शब्द तोच, पण एक पायरी वर. नागपुरात मराठी आणि हिंदी वर्तमानपत्रं एकाच टेबलावर पडलेली असतात, दोन्ही भाषा दिवसभर कानांवर येतात. तिथे ही सरमिसळ होणं अगदी साहजिक आहे. दुसरं कारण अधिक खोल आहे. 'जात' हा शब्द आपल्या समाजात इतका दुखरा आहे, की प्राण्याबद्दल लिहितानाही हात अडखळतो आणि 'प्रजाती' सोवळी वाटते. हा संकोच मला समजतो. पण त्यापायी एक नेमकी संज्ञा हातची जाते, आणि भुर्दंड पडतो तो शाळेतल्या मुलांना.

व्युत्पत्ती पाहिली तर 'जाती' हा शब्द टाळण्यासारखा नाहीच. 'जन्' म्हणजे जन्मणे, त्यावरून जाती. न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, न्यायसूत्रांत, तिची व्याख्या 'समानप्रसवात्मिका जातिः' अशी आहे. भाष्यकार तिथे 'प्रसव' म्हणजे सारखेपणाची जाणीव उपजणे असा अर्थ घेतात, जीवशास्त्राचा तिथे संबंध नाही. तरी आपसांत प्रजोत्पादन करू शकणाऱ्या जीवांचा गट म्हणजे जाती, ही विसाव्या शतकात जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर यांनी रुजवलेली कल्पना वाचताना मला ते सूत्र हटकून आठवतं. 'प्रजाति' हाही जुनाच शब्द. तैत्तिरीय उपनिषदात तो संतती वाढण्याच्या अर्थानं येतो. वर्गीकरणातल्या पायरीचा अर्थ आपण त्याला अलीकडे दिला. लॅटिनची गंमत अशी की प्रजातीसाठीचा 'जीनस' हा शब्द आपल्या 'जन्'चाच सख्खा नातेवाईक आहे. जातीसाठीचा 'स्पीशीज' मात्र 'पाहणे' या अर्थाच्या धातूवरून आला, म्हणजे मुळात त्याचा अर्थ 'दिसणं, रूप'. धातूच्या नात्यानं पाहिलं तर आपली 'जाती' त्यांच्या वरच्या पायरीशी जुळते. पण अर्थ ठरतो वापरानं, धातूनं नाही.

आता संत्रा. इथे बोलीतला तिसरा अर्थही येऊन मिसळतो. काटोल-नरखेडचा शेतकरी 'कोणत्या जातीचं कलम?' असं विचारतो, तेव्हा त्याला वाण हवा असतो. गवळाऊ ही गाईची जात, तिथेही तसंच. या बोलण्यात काही चूक नाही, फक्त तो जीवशास्त्रातला अर्थ नव्हे. शास्त्राच्या भाषेत सिट्रस ही प्रजाती, सिट्रस रेटिक्युलाटा ही जाती, आणि नागपुरी संत्रा हा त्या जातीतला एक वाण. 'संत्र्याची नवी प्रजाती' असं छापून येतं तेव्हा बहुतेक वेळा नवा वाण अभिप्रेत असतो, म्हणजे शब्द तब्बल दोन पायऱ्या वर सरकलेला असतो. आपल्या बागांत तर संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, जंभेरी या लिंबाच्या खुंटावर, म्हणजे मुळासकटच्या रोपावर, भरतात. जंभेरीचं शास्त्रीय नाव सिट्रस जंभिरी, आपल्याच शब्दावरून घेतलेलं. म्हणजे एका झाडात मुळं एका जातीची आणि फळं दुसऱ्या जातीची, प्रजाती मात्र एकच. मुलांना बागेत नेऊन हे दाखवता आलं तर जरूर दाखवा, दोन शब्दांतला फरक त्यांना तिथे उभ्या उभ्या कळेल.

अर्थात सिट्रसमध्ये जातींच्या सीमा फार पुसट आहेत. मोसंबी ही पपनस आणि संत्रावर्गीय फळ यांच्या संकरातून आली आहे. म्हणूनच स्विंगल या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञानं या प्रजातीत १६ जाती मानल्या, तर जपानच्या तानाका यांनी १६२. झाडं तीच होती. कपाशीत चित्र बरंच स्पष्ट आहे. देशी कापूस गॉसिपियम आर्बोरियम, त्याची गुणसूत्रं २६. अमेरिकन कापूस गॉसिपियम हिर्सुटम, त्याची ५२. या दोघांचा संकर सहजासहजी जुळत नाही. विदर्भातला शेतकरी 'देशी' आणि 'अमेरिकन' असा जो भेद करतो तो खरोखरच दोन जातींमधला आहे.

बातमीसाठी किंवा लेखासाठी माझी सूचना अशी: खालच्या पायरीला 'जाती'च लिहा, शेतातल्या प्रकाराला 'वाण'. वरच्या पायरीला पाठ्यपुस्तकात 'प्रजाती' आहे, तीच ठेवा. मात्र वाचक हिंदीच्या सवयीचा असेल तर पहिल्यांदा 'प्रजाती म्हणजे वंश' असं लिहून टाका. विश्वकोशाच्या नोंदींतही 'वंश' वापरलेला आहे.

फळ्याबद्दल. छापताना शास्त्रीय नाव तिरप्या ठशात असतं. हातानं लिहिताना दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ ओढायची. रोमन लिपीत पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं आणि दुसरा शब्द सगळा लहान अक्षरांत. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीत, त्यामुळे उच्चार देवनागरीत लिहिला तरी शेजारी रोमन रूप द्यावंच. पूर्ण नावात वाघापुढे '(लिनियस, १७५८)' असं कंसात दिसेल, म्हणजे जातीला नाव देणारा शास्त्रज्ञ आणि साल. प्राण्यांच्या नावात तो कंस मुद्दाम असतो. लिनियसनं वाघाला मांजराच्या फेलिस प्रजातीत ठेवलं होतं, पुढे त्याला पँथेरात हलवलं. जाती ज्या प्रजातीत प्रथम ठेवली तिथेच आजही असेल तर नाव आणि साल कंसाशिवाय लिहितात.